दीड अंशाचा हट्ट



पर्यावरणावरच्या जागतिक परिषदांचे जाहीरनामे वाचले की माणूस हमखास विचारतो, हे खरंच होणार आहे का? त्या विचारण्यामागे अनुभव असतो. २०१० मध्ये जपानमधल्या नागोया शहरात जगातल्या देशांनी जैवविविधता वाचवण्यासाठी वीस उद्दिष्टं ठरवली आणि स्वतःला दहा वर्षांची मुदत दिली. नैसर्गिक अधिवासांचा ऱ्हास निम्म्यावर आणायचा, मासेमारीला शिस्त लावायची, निसर्गाच्या मुळावर येणारी सरकारी अनुदानं बंद करायची, असं बरंच काही त्यात होतं. मुदत संपली तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्याच अहवालाने निकाल सांगितला. विसापैकी एकही उद्दिष्ट जागतिक पातळीवर पूर्ण झालं नव्हतं. सहा अर्धीमुर्धी गाठली होती, इतकंच. अशा निकालानंतर पुढच्या जाहीरनाम्याकडे कुणी संशयाने पाहिलं तर त्याला दोष देता येणार नाही.

तरीही ‘माणसाला हे जमणारच नाही’ हे विधान खोडून काढायला इतिहासातलं एक प्रकरण पुरेसं आहे. अख्ख्या जगाने मिळून एक अशक्यप्राय पर्यावरणीय उद्दिष्ट ठरवलं आणि ते जवळजवळ संपूर्ण तडीस नेलं, असं एकदा घडलं आहे. ते प्रकरण ओझोनचं. शाळेच्या पुस्तकात त्याला एखादा परिच्छेद मिळतो आणि त्यातला सगळा संघर्ष गळून जातो. खरं तर शिकण्यासारखं जे आहे ते त्या संघर्षातच आहे.

१९७४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या शेरवूड रोलँड आणि मारिओ मोलिना या दोघांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक निबंध छापला. विषय होता क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजेच सीएफसी. फ्रिज, एअर कंडिशनर, डिओडरंटचे डबे, गाद्यांचा फोम, दम्याचे पंप अशा असंख्य गोष्टींत हा वायू होता. तो पेट घेत नसे, विषारी नव्हता, कशाशी चटकन संयोग पावत नसे. त्यामुळेच तर उद्योगाने त्याला डोक्यावर घेतलं होतं. रोलँड आणि मोलिना यांनी दाखवलं की हा टिकाऊपणाच घातक आहे. खाली कुठेच नष्ट न झालेला वायू हळूहळू वर स्थितांबरात पोहोचतो, तिथल्या अतिनील किरणांनी फुटतो आणि त्यातून सुटलेला क्लोरीनचा एक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडत राहतो. रसायन उद्योगाने या सिद्धान्ताला कडाडून विरोध केला. अनेक वर्षं तो प्रयोगशाळेतला तर्क म्हणूनच हिणवला गेला. पुढे १९९५ मध्ये या दोघांना पॉल क्रुट्झेन यांच्यासह रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण मधली वीस वर्षं सोपी नव्हती.

पुरावा मिळाला तो अंटार्क्टिकात. तिथल्या बर्फाच्या तरंगत्या थरावर हॅली नावाचं ब्रिटिश संशोधन केंद्र आहे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तिथले कर्मचारी डॉबसन यंत्राने सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांची मोजणी करत आणि त्यावरून डोक्यावरच्या ओझोनचा अंदाज काढत. काम रटाळ होतं. वर्षानुवर्षांच्या हाताने लिहिलेल्या नोंदी केंब्रिजला येऊन साठल्या होत्या. त्या संगणकात भरण्याचं काम जोनाथन शँकलिन या तरुणाकडे आलं. आकडे एका रांगेत लागले तेव्हा दिसलं की दर ऑक्टोबरमध्ये ओझोन घटतो आहे, आणि घट थोडीथोडकी नव्हे, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या मानाने एक तृतीयांशाहून जास्त. यंत्रात दोष असेल म्हणून नवीन यंत्र पाठवलं गेलं. त्यानेही तेच सांगितलं. जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि शँकलिन यांचा निबंध मे १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. नासाच्या उपग्रहालाही हे कमी आकडे दिसले होते, पण इतके कमी आकडे संशयास्पद मानून बाजूला ठेवले गेले होते. तीस वर्षं कुणी टाळी वाजवली नाही तरी रोजची नोंद घेत राहणाऱ्या त्या माणसांचं ऋण जगावर फार मोठं आहे.

दोन वर्षांनी, १६ सप्टेंबर १९८७ रोजी, कॅनडातल्या माँट्रियलमध्ये करार झाला. सुरुवातीला सही करणारे देश दोन डझनच. आणि करारात होतं काय? सीएफसीचा वापर १९९९ पर्यंत निम्म्यावर आणायचा. ओझोन वाचवायला हे पुरेसं नाही, हे जाणकारांना तेव्हाच दिसत होतं. पण संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे प्रमुख, इजिप्तचे मुस्तफा तोलबा, यांनी करारात एक सोय आग्रहाने ठेवली होती: ठरावीक काळाने शास्त्रज्ञांनी परिस्थितीचा आढावा घ्यायचा आणि त्यानुसार मर्यादा आवळत जायची, दर वेळी नवा करार मांडून बसायचं नाही. त्याचा उपयोग लगेच दिसला. १९९० मध्ये लंडनला ठरलं की निम्मा नव्हे, २००० पर्यंत सगळाच वापर थांबवायचा. १९९२ मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांची मुदत आणखी अलीकडे, १९९६ वर आणली. जो करार सह्या होताना तोकडा वाटत होता, तो पाच वर्षांत पुरेसा झाला. शिवाय जो देश करारात नाही त्याच्याशी सीएफसीचा व्यापार बंद, असं कलम होतं. त्यामुळे बाहेर राहून फायदा उपटण्याची वाट बुजली.

लंडनच्या बैठकीत भारताने घेतलेली भूमिका आज फार थोड्यांना आठवते. मनेका गांधी तेव्हा पर्यावरण मंत्री होत्या. भारताचं म्हणणं सरळ होतं. आकाशात साठलेला बहुतेक सीएफसी अमेरिका, युरोप आणि जपानचा आहे. भारतातल्या बहुसंख्य घरांत फ्रिज पोहोचलेलाच नाही. आता तो पोहोचायची वेळ आली तर तंत्रज्ञान बदला म्हणता, मग बदलाचा खर्च कोण देणार? चीनही हेच विचारत होता. पश्चिमेकडच्या वर्तमानपत्रांतून या भूमिकेला आडमुठेपणा म्हटलं गेलं, पण तो आडमुठेपणा नव्हता. त्यातूनच बहुपक्षीय निधी उभा राहिला. पहिल्या तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलर, आणि भारत व चीन आले तर आणखी ८ कोटी. दरडोई वापर ०.३ किलोपेक्षा कमी असलेल्या विकसनशील देशांना दहा वर्षांची जास्तीची सवलत मूळ करारातच होती. १९९२ मध्ये भारत करारात आला. गरिबाने पैशाचा प्रश्न विचारला की आदर्शाला नख लागलं असं मानणाऱ्यांनी हा अध्याय जरूर वाचावा. त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं म्हणूनच करार साऱ्या जगाचा झाला.

त्यानंतरचं काम कारखान्यांत आणि गल्लीबोळांतल्या दुकानांत झालं. विकसनशील देशांना हे बदल करायला मदत करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या पॅरिसमधल्या ओझोन-अ‍ॅक्शन विभागाची धुरा अनेक वर्षं राजेंद्र शेंडे या आयआयटी मुंबईत शिकलेल्या मराठी अभियंत्याकडे होती. भारतातल्या सीएफसी उत्पादकांना टप्प्याटप्प्याने भरपाई मिळाली आणि २००८ च्या ऑगस्टमध्ये, ठरलेल्या मुदतीच्या १७ महिने आधी, भारताने औषधी पंपांसाठीचा अपवाद वगळता हे उत्पादन थांबवलं. दम्याच्या पंपांचा प्रश्न वेगळाच होता. रुग्णाचा श्वास अडवून आकाश वाचवायचं नव्हतं. म्हणून पर्यायी वायूवर चालणारे पंप सिप्लासारख्या कंपन्यांनी बाजारात आणून स्थिर होईपर्यंत सवलत दिली गेली.

फ्रिज दुरुस्त करणाऱ्यांचा प्रश्न त्याहून मोठा होता. कॉम्प्रेसर उघडायचा असला की नळी कापून आतला गॅस हवेत सोडून द्यायचा, ही दुकानादुकानातली रीत होती. नवीन गॅस भरताना अंदाज हाताचा आणि कानाचा. आर-१२ या जुन्या सीएफसीच्या बाबतीत हे खपून जात होतं. आर-१३४ए आला तेव्हा तेल बदललं, ओलाव्याचं भय वाढलं, व्हॅक्यूम पंप लावून नळ्या कोरड्या करणं अटळ झालं. ज्वलनशील हायड्रोकार्बनचे फ्रिज आले तेव्हा वजनकाटा लावून ग्रॅममध्ये गॅस भरायचा आणि जवळ पेटती बत्ती ठेवायची नाही, हे शिकवावं लागलं. सरकारने जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या मदतीने देशभर मेकॅनिकांची प्रशिक्षणं घेतली. जुना गॅस सिलिंडरमध्ये ओढून घ्यायचा, साफ करून पुन्हा वापरायचा, हे हजारो कारागीर त्यात शिकले. जागतिक करार शेवटी या माणसांच्या हातून अमलात आला. त्यांची नावं कुठल्याही अहवालात नाहीत, आणि हे अन्यायाचं आहे.

चोरीही झाली. १९९० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या मायामी बंदरात चोरट्या सीएफसीचा धंदा इतका फोफावला की अमली पदार्थांच्या खालोखाल त्याचं नाव घेतलं जाई. नंतरचं उदाहरण जास्त बोलकं आहे. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांना आढळलं की सीएफसी-११ या वायूची हवेतली घट मंदावली आहे. म्हणजे कुणीतरी तो गुपचूप पुन्हा बनवतंय. दक्षिण कोरिया आणि जपानमधल्या मोजणी केंद्रांच्या आकड्यांवरून पुढच्याच वर्षी माग लागला तो पूर्व चीनमधल्या शांडोंग आणि हपै या प्रांतांपर्यंत. बांधकामात वापरायच्या फोमसाठी हा स्वस्त वायू बनवला जात होता. चीनने कारवाई केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत उत्सर्जन पुन्हा खाली आलेलं दिसलं. लबाडी होणारच, हे गृहीत धरून तिला पकडण्याची यंत्रणा आधीच उभी होती.

आज जगातला प्रत्येक देश या करारात आहे. ओझोन खाणाऱ्या पदार्थांपैकी ९९ टक्के वापरातून गेले आहेत. २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या शास्त्रीय आढाव्यानुसार ओझोनचा थर बहुतेक जगावर २०४० च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल. हे यश एकटंदुकटंही नाही. पेट्रोलमध्ये शिसं घालणं भारताने २००० मध्ये बंद केलं. २००२ मध्ये शंभरावर देश अजून ते घालत होते. संयुक्त राष्ट्रांनी देशोदेशी पाठपुरावा केला आणि २०२१ च्या जुलैमध्ये अल्जीरियातल्या पंपांवरून शिशाचं पेट्रोल गेलं तेव्हा वाहनांसाठी ते विकणारा देश उरला नाही.

मग कार्बनचं तसंच का होऊ नये? इथे प्रामाणिक राहायला हवं. सीएफसी बनवणाऱ्या कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. कोळसा, तेल आणि वायू मिळून जगाच्या ऊर्जेपैकी सुमारे ८० टक्के ऊर्जा देतात. एक उदाहरण महाराष्ट्रातलंच. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. त्याच्याभोवती घुग्घुस, बल्लारपूर, माजरीच्या खाणी, कोळसा वाहणारे ट्रक, त्या ट्रकांची गॅरेजं, खाणकामगारांच्या पगारावर चालणारी किराणा दुकानं, असा जिल्ह्याचा अर्धा संसार उभा आहे. राखेने आणि धुळीने माखलेल्या हवेची किंमतही तीच माणसं मोजतात. कोळसा बंद करा म्हणणाऱ्याला चंद्रपूरच्या त्या संसाराबद्दल बोलावं लागेल. गॅस बदलून तोच फ्रिज पुन्हा विकता आला. खाण बंद झाल्यावर तीच खाण पुन्हा उघडता येत नाही. ओझोनच्या यशाकडे बोट दाखवून ‘मग हेही होईल’ म्हणणारे हा फरक टाळून पुढे जातात, आणि ऐकणाऱ्याचा विश्वास तिथेच उडतो.

हे सगळं मान्य करूनही जगाची तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याचं उद्दिष्ट भाबडं ठरत नाही. हा आकडा आला कुठून ते पाहावं. श्रीमंत देशांची तयारी दोन अंशांपर्यंत होती. दीड अंशाचा हट्ट धरला तो छोट्या बेटांच्या देशांनी. १९९० पासून त्यांची आघाडी आहे. पॅरिसमध्ये २०१५ च्या डिसेंबरात मार्शल बेटांचे मंत्री टोनी डीब्रम यांनी मोठ्या-छोट्या देशांची मोट बांधली आणि करारात दीड अंश लिहून घेतला. अर्ध्या अंशाने काय बिघडतं, असं वाटू शकतं. शास्त्रज्ञांच्या आंतरसरकारी गटाने २०१८ मध्ये उत्तर दिलं: दीड अंशाला जगातली ७० ते ९० टक्के प्रवाळं जातात, दोन अंशांना ९९ टक्क्यांहून जास्त. ज्यांचा देशच प्रवाळावर उभा आहे त्यांच्यासाठी या अर्ध्या अंशात देश असणं आणि नसणं येतं. त्यांना ‘व्यवहार्य बोला’ असं सांगणाऱ्याने आपण नेमकं कुणाला बुडायला सांगतो आहोत हेही सांगावं.

२०२४ हे दीड अंश ओलांडणारं पहिलं पूर्ण वर्ष ठरलं. कराराचा दीड अंश अनेक वर्षांच्या सरासरीचा आहे, पण ती सरासरीही ओलांडली जाण्याची चिन्हं आहेत. उद्दिष्ट चुकणार, असंच आज दिसतं. मात्र त्या उद्दिष्टाने काहीच केलं नाही, हे खोटं आहे. पॅरिसच्या वेळच्या धोरणांनी शतकाअखेर जग तीन ते साडेतीन अंशांकडे निघालं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या अहवालात चालू धोरणांचा अंदाज २.८ अंशांवर आला आहे. ही वाढही भीषण आहे. तरी कमी झालेल्या त्या दशांशांत कोट्यवधी माणसांची शेती आणि पाणी आहे. २०१० ते २०१९ या काळात सौर विजेचा युनिटमागचा खर्च ८५ टक्क्यांनी उतरला. उद्दिष्टांमुळे निघालेली धोरणं, चीनमधले कारखाने आणि भारतासारख्या देशांतले लिलाव या सगळ्यांचा त्यात हात आहे. भारताने वीजक्षमतेचा निम्मा वाटा जीवाश्म इंधनाबाहेरचा करण्याचं २०३० चं उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठलं, जरी प्रत्यक्ष विजेत कोळशाचाच वाटा अजून सर्वांत मोठा आहे.

आणि दीड अंशाच्या आकड्याला आता कायद्याचं बळ मिळू लागलं आहे. पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये एक मोहीम सुरू केली, वानुआतू सरकारने ती उचलली, आणि २३ जुलै २०२५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की हवामान राखणं हे राष्ट्रांचं कायदेशीर कर्तव्य आहे. विद्यार्थ्यांनी एवढं घडवून आणलं, ही गोष्ट महाविद्यालयांतल्या मुलामुलींपर्यंत पोहोचायला हवी.

खरी खोट पैशांच्या बाजूला आहे. २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी विकसनशील देशांना शब्द दिला की २०२० पासून वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ. त्यांच्याच संघटनेच्या हिशेबाने तो आकडा २०२२ मध्ये, दोन वर्षं उशिरा गाठला गेला, आणि त्यातलाही मोठा भाग कर्जाच्या रूपात. २०२४ मध्ये बाकूला २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज ठरले, तेव्हा भारताच्या प्रतिनिधीने भर सभेत आक्षेप नोंदवला. तो आक्षेप लंडनमधल्या १९९० च्या प्रश्नाचाच पुढचा भाग आहे. तेव्हा निधी आधी ठरला आणि मग मोठे विकसनशील देश आत आले. हवामानाच्या बाबतीत आधी सगळ्यांना आत घेतलं आणि पैसे मागाहून बघू म्हटलं. उद्दिष्ट अवास्तव आहे, असं म्हणणाऱ्या श्रीमंत देशांनी ही बाजू एकदा लंडनच्या तोडीची करून पाहावी.

प्लॅस्टिकच्या जागतिक करारातलं भांडण वेगळ्या वळणावर अडलं आहे. मार्च २०२२ मध्ये नैरोबीत त्याची सुरुवात झाली. २०२४ च्या अखेरीस बुसानला आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाला तो फिसकटला, कारण उत्पादनावर मर्यादा घालायची की फक्त कचरा आवरायचा यावर तेलसंपन्न देश हटले नाहीत. महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी घातली. पहिल्या काही आठवड्यांच्या दंडानंतर भाजीबाजारात त्या पिशव्या परतल्या, हे कुठल्याही गावात दिसतं. पिशवी ज्या कारखान्यातून निघते तिथे हात न घालता भाजीवालीला दंड केला की असंच होणार. माँट्रियलमध्ये सीएफसीच्या उत्पादनावरच बोट ठेवलं होतं.

ओझोनचा करारही अजून संपलेला नाही. सीएफसीच्या जागी आलेले एचएफसी वायू ओझोनला धक्का लावत नाहीत, पण तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो-हजारो पट जोरकस ठरतात. म्हणून २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीत त्यांनाही त्याच कराराखाली आणलं गेलं. भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. भारताचं वेळापत्रक असं आहे: २०२४ ते २०२६ या तीन वर्षांच्या वापरावर पाया ठरणार, २०२८ मध्ये वापर गोठणार, २०३२ मध्ये १० टक्के कपात, २०३७ मध्ये २०, २०४२ मध्ये ३० आणि २०४७ मध्ये ८५ टक्के. याच काळात देशात एअर कंडिशनरची संख्या कैक पटींनी वाढणार आहे, आणि विदर्भ-मराठवाड्यातला उन्हाळा पाहता ती वाढलीही पाहिजे; गारवा ही आता चैन राहिलेली नाही. पर्याय हाताशी आहे. गोदरेजने २०१२ मध्येच आर-२९० म्हणजे प्रोपेनवर चालणारा एअर कंडिशनर भारतात बाजारात आणला. प्रोपेन पेट घेतो, त्यामुळे तो बसवणारा आणि दुरुस्त करणारा माणूस शिकलेला लागतो. आज आयटीआयच्या रेफ्रिजरेशन वर्गात बसलेली मुलं २०४७ मध्ये चाळिशीच्या आत-बाहेर असतील. किगालीची ८५ टक्के कपात त्यांच्या कामाच्या वर्षांतच व्हायची आहे, आणि त्यांच्या वर्गात रिकव्हरी मशीन, गळती शोधणारा डिटेक्टर आणि आर-२९० चा सराव आहे की नाही, हे राज्याच्या अंदाजपत्रकात याच वर्षी ठरवता येण्याजोगं आहे.